अभ्यासाचा रोजमेळ

अकोल्याहून वाशिमकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग पातूर मागे टाकतो आणि मालेगावच्या अलीकडे मेडशी हे गाव लागते. या रस्त्याच्या एका टोकाला, अकोल्यात, २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दुसऱ्या टोकाला, वाशिमला, २०२४ मध्ये शंभर जागांचे नवे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. गावाच्या दोन्ही बाजूंना एसटीच्या एका तिकिटावर वैद्यकीय महाविद्यालय असावे, हे मागच्या पिढीला स्वप्नातही खरे वाटले नसते. त्यामुळे या पट्ट्यातील घराघरांतून बारावीच्या वर्षाला आता ‘नीटचे वर्ष’ हेच नाव पडले आहे.

महाविद्यालय जवळ आले म्हणून प्रवेशही जवळ आला, असा समज मात्र कुटुंबांनी करून घेऊ नये. पूर्वी राज्यात ७०:३० असे प्रादेशिक सूत्र होते. विदर्भातील महाविद्यालयांतील राज्याच्या वाट्याच्या सत्तर टक्के जागा विदर्भातल्याच विद्यार्थ्यांना मिळत. २०२० मध्ये ते सूत्र रद्द झाले. आता शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय यादीतून आणि उरलेल्या ८५ टक्के जागा संपूर्ण राज्याच्या एकाच गुणवत्ता यादीतून, प्रवर्गनिहाय भरल्या जातात. म्हणजे वाशिमच्या जागेसाठी मेडशीच्या मुलीला लातूर, नांदेड, पुणे येथील मुलांशीच बरोबरी करावी लागते. २०२५ मध्ये देशभरातून बावीस लाखांहून अधिक विद्यार्थी या परीक्षेला बसले होते.

अशा वेळी घरात पहिली गोष्ट कोणती होते? कोणा गुणवंताचे वेळापत्रक मोबाइलवर येते. पहाटे चार ते रात्री अकरा, मध्ये जेवणाला वीस-वीस मिनिटे, एकूण चौदा तास अभ्यास. ते रंगीत शाईने उतरवून भिंतीवर चिकटविले जाते, आठ दिवस पाळले जाते, नवव्या दिवशी मोडते, आणि मोडल्याचा सगळा दोष मुलाच्या आळसावर टाकला जातो. वास्तविक दोष कागदाचा असतो. दुसऱ्याच्या पेढीचा ताळेबंद आपल्या वहीत उतरवून कोणाचा व्यापार चालल्याचे ऐकिवात नाही. त्या गुणवंताचे घर शिकवणीवर्गापासून पाच मिनिटांवर असेल, त्याची अकरावी पक्की झाली असेल, त्याच्या घरी दुकान नसेल. यांतले काहीच त्या वेळापत्रकावर लिहिलेले नसते.

व्यापारी कुटुंबांना वेगळी पद्धत शिकवावी लागत नाही. आधी जमा किती ते पाहावे, मग खर्च मांडावा. वेळेची जमा बाजू खरी लिहिली, तर निम्मे वेळापत्रक तेथेच तयार होते.

उदाहरणासाठी मेडशीतील एक श्रावक कुटुंब कल्पावे. वडिलांचे धान्य-किराण्याचे दुकान, थोडी शेती. मुलगी बारावी विज्ञान शाखेत, कनिष्ठ महाविद्यालय मालेगावला, ये-जा एसटीने. पहाटे पाचला उठून सव्वापाच ते सात असे पावणेदोन तास मिळतात. मग दर्शन, न्याहारी, प्रवास, महाविद्यालय. परत येईतो संध्याकाळ होते. साडेसहा ते साडेनऊ असे आणखी तीन तास. मधली चुकार मिनिटे धरून दिवसाचे पाच तास, आणि रविवारचे आठ. आठवड्याचे झाले अडतीस. यापेक्षा मोठा आकडा या घरात या मुलीच्या नावावर जमा होत नाही, आणि तो ओढूनताणून दाखविण्यात अर्थही नाही.

आता वर्षाचा हिशेब. जूनच्या आरंभापासून फेब्रुवारीत बारावीची लेखी परीक्षा सुरू होईपर्यंत साधारण छत्तीस आठवडे असतात. सण, आजारपण, घरचे एखादे लग्न आणि पूर्वपरीक्षा यांचे मिळून चार आठवडे आधीच वजा करावेत. ते जाणारच असतात. उरले बत्तीस, म्हणजे १२१६ तास. बोर्डाच्या परीक्षेचा काळ नीटच्या खात्यात शून्य धरावा. मार्चच्या मध्यापासून मे महिन्याच्या पहिल्या रविवारपर्यंत सात आठवडे मिळतात; गेली काही वर्षे परीक्षा त्याच रविवारी होत आली आहे. त्यातला एक आठवडा वजा करून रोज नऊ तास धरले, तर ३७८. एकूण जमा १५९४ तास.

खर्चाची बाजू अशी. एनसीईआरटीच्या सध्याच्या पुस्तकांत अकरावी-बारावीची मिळून जीवशास्त्राची ३२, भौतिकशास्त्राची २८ आणि रसायनशास्त्राची १९ प्रकरणे आहेत, एकूण ७९. तीन तासांच्या तीस सराव परीक्षा द्यायच्या आणि प्रत्येकीच्या तपासणीला तितकाच वेळ द्यायचा, तर १८० तास गेले. उरलेले १४१४ तास ७९ प्रकरणांत वाटले, की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अठरा तास येतात. पहिले वाचन, टिपणे, प्रश्न सोडविणे आणि तीन-चार उजळण्या, सगळे त्यातच.

अठरा तास हा आकडा डोळ्यांसमोर आला, की घरातील बोलण्याचा सूरच पालटतो. ‘खूप वेळ आहे’ हे म्हणणे जसे खोटे ठरते, तसे ‘आता काही होणे नाही’ हेही खोटे ठरते. ज्या मुलीने अकरावीत मन लावून अभ्यास केला आहे तिला अठरा तास पुरतात. ज्या घराने अकरावी ‘विश्रांतीचे वर्ष’ मानून घालवली, त्या घराने ७९ पैकी ४२ प्रकरणे अकरावीचीच आहेत हे ध्यानात घ्यावे. शिकवणी निवडण्याच्या धावपळीत या एका आकड्याकडे फार थोड्या पालकांचे लक्ष जाते, आणि तेथेच पुढच्या रडारडीचे मूळ असते.

विषयांची वाटणीही आकड्यांनीच करावी, भीतीने नव्हे. परीक्षा ७२० गुणांची. १८० प्रश्न, प्रत्येकी चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. जीवशास्त्राचे ९० प्रश्न म्हणजे ३६० गुण. भौतिक आणि रसायन यांचे प्रत्येकी १८०. प्रकरणांवर हे गुण विभागले, तर जीवशास्त्राच्या एका प्रकरणामागे सरासरी सव्वाअकरा गुण, रसायनाच्या प्रकरणामागे साडेनऊ आणि भौतिकाच्या प्रकरणामागे साडेसहाहूनही थोडे कमी गुण येतात. तरीही बहुतेक मुले दिवसातील सर्वांत ताजे तास भौतिकाच्या धास्तीपोटी त्यालाच देतात आणि जीवशास्त्र ‘वाचून होईल’ म्हणून झोपेच्या वेळेला ढकलतात. जीवशास्त्र ही मुदत ठेव आहे. पुस्तकातील ओळ न् ओळ, आकृतीखालचे नाव न् नाव पक्के केले तर परतावा जवळजवळ ठरलेला. भौतिकशास्त्र हा व्यापार आहे, त्यात बाजार पाहावा लागतो. २०२५ ची भौतिकाची प्रश्नपत्रिका पुष्कळांना अतिशय जड गेली. आदल्या वर्षीच्या सुधारित निकालात १७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण होते. २०२५ मध्ये देशातील सर्वोच्च गुण ६८६ ठरले. म्हणून ‘इतके गुण हवेतच’ असा आकडा भिंतीवर लिहिण्यापेक्षा, आपल्याला येणारे प्रश्न सुटू न देणे एवढेच उद्दिष्ट ठेवलेले बरे. प्रवेश शेवटी क्रमांकावर होतो.

येथे राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांची एक निराळी अडचण आहे. वर्गात पुस्तक बालभारतीचे, नीटचा पाया मात्र एनसीईआरटीच्या पुस्तकांवर. दोन्हींत बरेच घटक समान असले तरी मांडणी, क्रम आणि खोली वेगवेगळी. त्यात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२४ च्या परीक्षेपासून लागू केलेला अभ्यासक्रम तिसराच. पी-गटातील मूलद्रव्यांसारखे काही घटक एनसीईआरटीच्या पुस्तकांतून वगळले गेले, तरी परीक्षेच्या अभ्यासक्रमात कायम आहेत. यावर उपाय साधा आहे. जूनमधला एक संपूर्ण रविवार खर्च करून तिन्ही याद्या शेजारीशेजारी ठेवाव्यात आणि समान घटकांवर एक खूण, फक्त नीटच्या घटकांवर दुसरी, फक्त बोर्डाच्या घटकांवर तिसरी खूण करावी. महाविद्यालयात जे प्रकरण चालू आहे, तेच त्या आठवड्यात घरी एनसीईआरटीतून वाचावे. बोर्डाला कमी लेखण्याची चूक तर मुळीच करू नये. बारावीत भौतिक, रसायन व जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के गुण असल्याशिवाय नीटचा निकाल कितीही चांगला असला तरी उपयोगाचा नाही.

परीक्षा मराठीतूनही देता येते. मराठी निवडणाऱ्यांना इंग्रजी व मराठी अशी दुहेरी प्रश्नपत्रिका मिळते. मजकुरात फरक आढळला तर इंग्रजी मजकूर प्रमाण धरतात. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलीला या सोयीचा मोह पडतो. परंतु अकरावी-बारावीची विज्ञानाची पुस्तके ती इंग्रजीतून वाचत असेल, तर आयत्या वेळी ‘ऊतकक्षय’ म्हणजे काय याचा विचार करीत बसण्याची पाळी येते. निर्णय अर्ज भरतानाच करावा लागतो, म्हणून दोन सराव परीक्षा दोन्ही भाषांत देऊन पाहाव्यात.

रोजच्या तासांची तुकडेवारी कशी करावी, याचे उत्तर श्रावकांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. सामायिकाचा काळ दोन घटिकांचा, म्हणजे ४८ मिनिटांचा. एका आसनावर, मन इकडेतिकडे न जाऊ देता ४८ मिनिटे बसण्याची सवय ज्या घरात आजीपासून नातीपर्यंत सर्वांना आहे, तेथे अभ्यासाचा एकक शोधण्यासाठी परदेशी पद्धतींची पुस्तके मागवण्याचे कारण नाही. सामायिक हे समतेचे साधन आहे, गुण मिळविण्याचे नव्हे, हे खरेच. पण त्यातून शरीराला लागलेले वळण अभ्यासाला उपयोगी पडले तर त्यात वावगे काय? ४८ मिनिटे अभ्यास आणि १२ मिनिटे उठून फिरणे, असा एक तास. मोबाइल त्या ४८ मिनिटांत दुसऱ्या खोलीत.

सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियमही वेळापत्रकात आरंभीच धरला पाहिजे. डिसेंबरात वाशिम जिल्ह्यात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मुलगी पाचच्या एसटीने परतणार असेल तर घरी पोहोचून हातपाय धुवून जेवणाला मिनिटेच उरतात; गाडी चुकली तर उपाशी अभ्यास. त्यासाठी हिवाळ्याचे तीन महिने दुसरा डबा बरोबर देणे, हाच व्यवहार्य मार्ग. आईचे काम त्याने वाढते आणि त्याची नोंद कोणत्याच वेळापत्रकात नसते. उलट बाजूने पाहता, लवकर जेवण झालेल्या घरात साडेसहा ते साडेनऊ हा काळ अखंड मिळतो, पोट हलके असते आणि दहाला झोप लागते. रात्री बारा-एकपर्यंत जागणाऱ्या मुलांचे वेळापत्रक अशा घरात आणू नये. भुकेने जागरण साधत नाही आणि झोप तुटल्याने दिवसा वाचलेलेही मनात नीट ठरत नाही. पर्युषण आणि दशलक्षण पर्वाचे दिवस आधीच हलके ठेवावेत. बारावीच्या वर्षी अठाई करण्याचा भाव मुलीच्या मनात स्वतःहून उमटला, तर तो गुरुमहाराजांच्या आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने पाहावा. नातेवाइकांत नाव व्हावे म्हणून मोठ्यांनी तो सुचवू नये.

आता मुख्य गोष्ट. वेळापत्रक म्हणजे अंदाजपत्रक. अंदाजपत्रकाने पेढी चालत नाही, ती चालते रोजमेळाने. दररोज रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे, वहीच्या डाव्या पानावर ठरविले काय आणि उजव्या पानावर झाले काय, एवढेच लिहावे. कारण एका शब्दात: ‘पाहुणे’, ‘ताप’, ‘वीज’, ‘कंटाळा’. कंटाळा हेही कारण प्रामाणिकपणे लिहावे. तीन आठवड्यांनी ही वही वाचली, की कोणता तास दर मंगळवारी बुडतो, कोणत्या विषयाचे काम नेहमी दुप्पट वेळ खाते, हे आपोआप दिसते, आणि वेळापत्रक त्याप्रमाणे बदलता येते. सोयाबीनच्या हंगामात दुकानावर बसावे लागणार असेल, तर ऑक्टोबरचे तास कमी धरावेत. नंतर ते ‘बुडाले’ म्हणून हळहळ नको.

राहिलेल्या कामाचा अनुशेष हा सगळ्यांत मोठा शत्रू. विदर्भाला हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. मंगळवारचे राहिले ते बुधवारच्या कामात, दोन्ही राहिले ते गुरुवारच्या कामात, असे करता करता शनिवारी अकरा तासांचे काम पाच तासांपुढे उभे राहते आणि मुलगी वही मिटते. थकलेल्या कर्जदाराकडे सगळी थकबाकी एकदम मागून बँकेला पैसा परत मिळत नाही. हप्ते नव्याने बांधून द्यावे लागतात. येथेही तेच. राहिलेले काम दुसऱ्या दिवशी मुळीच न्यायचे नाही. ते एका वेगळ्या पानावर जाईल आणि रविवारचे दोन तास केवळ त्या पानासाठी राखलेले असतील. तेवढ्यात जे बसणार नाही ते सोडून द्यायचे. काही प्रकरणे वर्षभरात अर्धवटच राहणार आहेत. ती कोणती, हे डिसेंबरातच शांतपणे ठरविले तर एप्रिलमध्ये घाबरून ठरवावे लागत नाही. मात्र एकदा झालेले प्रकरण नव्वद दिवस हातात घेतले नाही, तर ते बुडीत समजावे. बँकेचीही मुदत तेवढीच असते.

वाचणे आणि येणे यांतील अंतराबद्दल धवला टीकेत आलेली कथा समाजाला परिचित आहे. गिरनारच्या चंद्रगुफेत राहणाऱ्या धरसेनाचार्यांनी श्रुत लुप्त होईल या चिंतेने दोन मुनींना बोलावून घेतले. परंतु पाठ देण्यापूर्वी त्यांनी परीक्षा घेतली. एकाला दिलेल्या मंत्रात एक अक्षर अधिक होते, दुसऱ्याच्या मंत्रात एक अक्षर उणे. साधना करताना दोघांना विकृत रूपाच्या देवता दिसल्या, एक दात पुढे आलेली, दुसरी एका डोळ्याची. गुरूंकडे तक्रार न नेता दोघांनी आपापला मंत्र तपासला, चूक शोधली, सुधारली, आणि मगच ते पुढल्या विद्येला पात्र ठरले. हेच पुष्पदंत आणि भूतबली. षट्खंडागमाची रचना पूर्ण झाली, तिची स्मृती ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला जपली जाते, आणि तो दिवस नेमका शैक्षणिक वर्षाच्या तोंडावर येतो.

या कथेतील क्रम विद्यार्थ्यांनी पाहावा. २००६ मध्ये अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना अधिक आठवत होते. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. म्हणून अठरा तासांपैकी निदान निम्मे तास पुस्तक मिटून करण्याच्या कामाला द्यावेत. सुटलेल्या प्रत्येक प्रश्नाची नोंद चुकांच्या वहीत हवी, आणि चुकीची जातही हवी: मुळात येत नव्हते, येत असून घाईत वाचले, की अंदाजाने गोल रंगविला. येणारे उत्तर चुकले तर चार गुण गेले आणि वर एक वजा झाला, म्हणजे पाचांचा फरक पडतो. चुकांची ही वही वर्षअखेरीस त्या मुलीचे सर्वांत मौल्यवान पुस्तक असते, आणि ते कोणत्याही दुकानात मिळत नाही.

सराव परीक्षा दुपारी दोन ते पाच याच वेळेत द्याव्यात, कारण खरी परीक्षा याच वेळेत असते. अकोला-वाशिमचा एप्रिल-मे कोणाला सांगायला नको. या दिवसांत दुपारी दोन वाजता अख्खे गाव दारे लोटून पडलेले असते. पहाटे उत्तम चालणारे डोके या वेळी पेंगते, आणि त्याला जागे राहण्याचे वळण एका दिवसात लागत नाही. निदान मार्चपासून दर रविवारी, हलके जेवण करून, कूलर नसलेल्या खोलीत, उत्तरपत्रिकेची झेरॉक्स घेऊन काळ्या शाईच्या बॉलपेनने गोल रंगवीत पूर्ण तीन तास बसावे. १८० प्रश्नांना १८० मिनिटे आहेत. जीवशास्त्र पन्नास मिनिटांत, रसायन तितक्यात आणि भौतिक साठ-पासष्ट मिनिटांत संपविण्याचा सराव असेल, तर शेवटी पंधरा मिनिटे हाताशी राहतात.

वेळापत्रकाचा दुसरा पक्ष पालक आहेत. जेवताना, दुकानातून येताना, नातेवाइकांसमोर ‘आज किती झाले?’ हा प्रश्न विचारणारे वडील मनाने प्रेमळच असतात. पण दिवसातून चौथ्यांदा तो आला की रोजमेळ खोटा लिहिला जाऊ लागतो, आणि खोटा रोजमेळ नसलेलाच बरा. वही मुलीची. वडिलांनी ती रविवारी, तिने दाखविली तर, दहा मिनिटे पाहावी. बाहेरगावी शिकवणीला पाठविलेल्या मुलांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. २०२३ या एका वर्षात कोटा शहरात वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. त्यानंतर, जानेवारी २०२४ मध्ये, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने शिकवणीवर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश नको, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त वर्ग नकोत, आठवड्याची सुटी हवी. पैसे भरण्यापूर्वी या तीन गोष्टी पालकांनी स्वतः विचाराव्यात. मूल गप्प होऊ लागले, जेवण टाकू लागले, झोप उडाली, तर वेळापत्रक बाजूला ठेवून आधी बोलावे. शासनाची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे.

आणि निकाल मनासारखा लागला नाही तर? नीटला वयाची वरची मर्यादा नाही आणि प्रयत्नांचीही नाही. म्हणजे थांबायचे केव्हा हे नियम सांगणार नाहीत, ते घरालाच ठरवावे लागते. हा निर्णय निकालाच्या रात्री घेतला जाऊ नये. रोजमेळ समोर ठेवून घ्यावा. ठरविलेल्या सोळाशे तासांपैकी आजारपणामुळे, घरच्या अडचणींमुळे हजारच तास झाले असतील आणि सराव परीक्षांचे गुण शेवटपर्यंत चढते असतील, तर आणखी एक वर्ष देण्यात अर्थ आहे. तास पूर्ण भरले, झोप-जेवण सांभाळून प्रामाणिक काम झाले, आणि तरी जानेवारीपासून गुण एकाच जागी थांबले असतील, तर तेच वर्ष पुन्हा जगायला लावणे हे मुलीवर अन्यायाचे होईल. पैशापेक्षा तिचे अठरावे-एकोणिसावे वर्ष महाग आहे. आयुर्वेद, होमिओपॅथी यांचे प्रवेश याच परीक्षेच्या गुणांवर होतात. पशुवैद्यक पदवीचेही होतात, आणि पांजरापोळांना पिढ्यान्‌पिढ्या देणगी देणाऱ्या समाजातून पशुवैद्य इतके थोडे का निघावेत, याचा विचार कधीतरी व्हायला हवा. औषधनिर्माणशास्त्र किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील पदवी यांसाठी राज्याची एमएचटी-सीईटी वेगळी द्यावी लागते. तिचे अर्ज हिवाळ्यातच सुरू होतात आणि नीटच्या धामधुमीत ती तारीख हमखास निसटते. म्हणून ती जूनमध्येच, वहीच्या पहिल्या पानावर, बोर्डाच्या तारखेच्या खाली लिहून ठेवावी.